माशांच्या पेटीवरचा दिवा

मालवणात आमच्या आळीत वीज आली, तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. थोरले दीर मुंबईला नोकरीला होते. त्या गणपतीला ते बोटीने आले, ते पेंढ्यात गुंडाळलेली काचेची पेटी आणि डब्यातून लाल मासे घेऊन. जाऊबाईंना मूल नव्हतं, त्यांचं मन रमावं म्हणून. पेटीवर पत्र्याचं झाकण, त्यात बल्ब. तो दिरांनी स्वतः बसवला. संध्याकाळी बटण दाबलं की पाणी पिवळंधमक उजळायचं आणि शेजारणी बघायला जमायच्या. सासूबाई म्हणत, "मासो खाऊचो सोडून बगीत कित्या बसतत, देवाक म्हायत!"

सुट्टी संपली, दीर परत गेले. खाऱ्या हवेने झाकणाला लवकरच गंज धरला. एकदा जाऊबाई बोटं चोळत मला म्हणाल्या, "झाकणाक हात लायल्यार मुंगयो येतत गो." आम्हां दोघींना वाटलं, विजेचं असंच असत असेल.

एका संध्याकाळी एक मासा उताणा तरंगताना दिसला. दिवा चालू होता. जमीन नुकतीच सारवलेली, ओली, पाय अनवाणी. जाऊबाईंनी एका हाताने झाकण उचललं आणि दुसरा पाण्यात घातला. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या ताठ झाल्या. मी धावले, तशी सासऱ्यांनी मला मागे ओढलं. "हात लावू नको तिका!" कोपऱ्यातलं वल्हं उचलून त्यांनी झाकण उडवलं, वायर तुटली, पेटी फुटली. जाऊबाई खाली पडल्या, त्या उठल्या नाहीत.

दीर पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तोपर्यंत ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायची रीतच नव्हती. त्या दिवशी त्यांनी झाकण उलटं करून मला दाखवलं. पत्र्याच्या धारेवर घासून वायरवरचं कापड आणि रबर गेलं होतं, तांबं उघडं पडलं होतं.

"ह्यो दिवो माज्याच हातान बसयलंय मी," ते म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि आत गेले.

त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढे गणपतीलाही येईनासे झाले. घरात वीज राहिली. पण सासूबाई मरेपर्यंत बटण लाटण्याच्या टोकानेच दाबत.