हॉलमधली भणभण

कानसेनचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला तो ॲम्प-स्पीकरच्या दुकानाचं शटर अर्धं उचलून, वाकून आत. सहानंतर रस्ता जागा होतो, शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन सुरू होतं, आणि मग ॲम्पमधली बारीक भणभण ऐकू येत नाही. दुकानाची वेळ नऊची होती, त्यामुळे हे आधीचे चार तास मालकाच्या लेखी नव्हतेच. कानसेन हे नाव पाडलं होतं दुकानातल्यांनीच. त्याला ते आवडायचं नाही.

मी तिथे सुतार, स्पीकरची खोकी बनवायचो. सव्वीस वर्षं आमचे बाक शेजारी शेजारी होते.

त्याची मुलगी बास गिटार वाजवायची आणि गायची. तिच्या चौघांच्या ग्रुपला जेवणाच्या एका हॉलमध्ये दर शनिवारचं काम मिळालं. तिचं पहिलं पक्कं काम. पहिल्याच शनिवारी तिचा ॲम्प भणभणला. लोक ताटावरून मान वर करून बघायला लागले. हॉलवाला म्हणाला, पुढच्या शनिवारपर्यंत हे बंद करा, नाहीतर दुसरा ग्रुप आहे. हा हॉलवाला आमच्या मालकाचा मेहुणा.

ॲम्प कानसेनने स्वतः बांधला होता. तिथेच तो फसला.

सोमवारी पहाटे त्याने ॲम्प लावला. आवाज शून्यावर ठेवून ऐकलं, पूर्ण उघडून ऐकलं. काही नाही. दुसऱ्याने म्हटलं असतं, ॲम्प ठीक आहे. हा म्हणाला, ‘‘माझा एखादा सोल्डरचा टाका कच्चा असणार. हलल्यावर बोलतो.’’ मग त्याने एकेक टाका सोडवून पुन्हा मारला. दोन दिवस. बुधवारी मुलगी ॲम्प हॉलमध्ये नेऊन परत घेऊन आली.

‘‘बाबा, तसंच आहे.’’

‘‘तारांना हात लावल्यावर?’’

‘‘थोडं कमी होतं. पण बाबा, मी गाताना हात तारांवरच असतो, तरी ऐकू येतं.’’

तो मालकाकडे गेला. ‘‘हॉलची वायरिंग बघून येतो.’’

‘‘मेहुण्याकडे बोट दाखवायचं नाही,’’ मालक म्हणाला. ‘‘ॲम्पची अर्थिंगची वायर काप. दोन मिनिटांचं काम आहे.’’

‘‘मग बिघाड झाला की करंट कुठून जाणार? तिच्या अंगातून?’’

‘‘तुझी भाषणं नकोत.’’

गुरुवारी तो न विचारता गेला. सोबत होल्डरमधला एक बल्ब आणि दोन वायरी. बल्बची एक वायर करंटात, दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. अर्थिंग जिवंत असती तर बल्ब लागला असता. लागला नाही. अर्थिंगची वायर भिंतीभिंतीने मागच्या बाजूला गेली होती आणि जमिनीपासून वीतभर वर, प्लास्टरमध्येच संपली होती. खाली खड्डा नव्हता, नळी नव्हती. बांधणाऱ्याने नुसती दाखवायला सोडली होती. स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीझरचा गळका करंट याच वायरीत येऊन तुंबायचा आणि पहिला ॲम्प सापडला की त्यात बोलायचा.

‘‘दहा वर्षं हॉल चालतोय,’’ हॉलवाला म्हणाला. ‘‘कुणी मेलं का?’’

इकडे दुकानात मालकाने मला बोलावलं. पक्कड हातात दिली. ॲम्पमागची हिरवी वायर दाखवली. मी सुतार आहे, त्यातलं मला कळत नाही, असं म्हणता आलं असतं. पण कानसेनचं बोलणं मी बुधवारी माझ्या बाकावरून ऐकलं होतं. वायर कापली.

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये चाचणी झाली. भणभण गेली. मुलगी खूश झाली. ‘‘बाबा, तुम्ही चार दिवस शोधत होतात,’’ ती म्हणाली, ‘‘सुतारकाकांनी एका मिनिटात केलं.’’

कानसेनने माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यावर बसून मागची फळी उघडली, वायर सोलली, जोडली. भणभण परत आली.

‘‘बाबा, काय करताय? उद्या शनिवार आहे.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मग कापा ना. सगळे असंच वाजवतात.’’

‘‘सगळे माझी मुलगी नाहीत.’’

ती गिटार पिशवीत घालून निघून गेली. हॉलवाल्याने तिथल्या तिथे दुसऱ्या ग्रुपला फोन लावला. संध्याकाळी दुकानात मालकाने कानसेनला महिन्याचा पगार हातात दिला आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मी त्याला रस्त्यात गाठलं. ‘‘मला सांगितलं म्हणून मी कापली,’’ म्हणालो.

‘‘नीट कापली होतीस,’’ तो म्हणाला. ‘‘सुताराच्या मानाने.’’

शनिवारी पहाटे पाचला तो हॉलच्या मागे कुदळ घेऊन उभा होता. फुकट होतंय म्हणून हॉलवाल्याने अडवलं नाही. खणायला मीही गेलो. जमीन मुरमाड, हातभर खणायला तास लागायचा. त्याने मला ‘ये’ म्हटलं नाही, ‘जा’ही नाही. पुरुषभर खड्डा, मध्ये तांब्याची नळी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी. वायर प्लास्टर फोडून काढली आणि नळीला जोडली. दुपारी तीनला त्याने बल्ब लावून पाहिला. पेटला.

मुलीला त्याने फोन केला. तिने उचलला नाही.

रात्री दुसरा ग्रुप वाजवून गेला. त्यांचा बास स्वच्छ वाजला. हॉलवाला सगळ्यांना सांगत होता, आमच्या हॉलला आवाज चांगला आहे. आजही तोच ग्रुप तिथे वाजवतो. मुलीने पुढच्या वर्षी गिटार विकली आणि बँकेच्या काउंटरवर लागली.

सव्वीस वर्षांच्या नोकरीतला कानसेनचा शेवटचा पगार तांब्याची नळी, वायर, दोन पोती कोळसा आणि एक पोतं मीठ यांत गेला.