त्रिंबकचा डावा हात

धर्मापुरीहून आलेल्या एका धनगरानं पाली गावात माझ्या दारात उभं राहून सांगितलं, "वैद्यबाबा गेले." तो मेंढरं हाकत पुढं गेला आणि मी तसाच उंबऱ्यावर बसलो. त्याला आता दीड महिना झाला. त्रिंबक वैद्य माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा उजवा हात मी मोडला, हे अख्ख्या धर्मापुरीला ठाऊक आहे. त्यामागचं खरं फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं... आता मला एकट्यालाच.

आमच्याकडं माणसाचं डोकं फिरलं की वारं लागलं म्हणायचे आणि देवळामागं नेऊन ओल्या आसुडानं फोडायचे, भूत बोलेपर्यंत. निजामाच्या कचेरीला सारा पोचला की झालं, कोण कुणाला फोडतं याची कुणाला पडली होती! त्रिंबकला या प्रकाराची चीड. तो अशा माणसाला घरी आणी, त्याच्याकडं पाठ करून बसे आणि भिंतीकडं बघत खलात औषध कुटत राही. माणूस तोंडावर खोटं बोलतो, पाठीशी खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं. ऐकलेलं घराबाहेर न्यायचं नाही, हा त्याचा नेम.

माझा मेहुणा सखाराम देवळामागं रक्तबंबाळ झाला तेव्हा त्रिंबकनंच अंगावर पडून त्याला सोडवलं, दोन फटके स्वतः खाल्ले. पुढं तीन महिने सखाराम त्याच्या पाठीशी बोलत होता. आणि एका सकाळी त्यानं माझ्या बहिणीला, काशीला, कुऱ्हाडीनं तोडलं. पालीहून धावत आलो, कडब्याच्या गंजीपाशी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तर केस हातात आले...

तिथून उठलो तो थेट त्रिंबकच्या घरी. तो भिंतीकडं तोंड करून कुटत होता. "तुला ठावं व्हतं बे! कावून न्हाई बोललास?" गाव गोळा झालं. मी काठी घातली, पुन्हा घातली. हाड मोडल्याचा आवाज ऐकला आणि तरी थांबलो नाही. मान न वळवता तो एवढंच म्हणाला, "मार किसन. तुला लई दुखतंय."

नेमापायी वैद्यानं बाई मरू दिली, असं म्हणत लोक त्याच्या ओसरीवर थुंकून जात. तो डाव्या हातानं कुटत राहिला.

खरं म्हणजे त्यानं नेम मोडला होता. खुनाच्या चार दिवस आधी काशी गाठोडं घेऊन माझ्याकडं आली होती. "दादा, वैद्यबाबा म्हणतेत, ह्यांच्या मनात माझा घात हाय. मला ठिवून घे." नांदती बहीण घरी बसली तर लोक शेण घालतील तोंडात, म्हणून मीच तिला गाडीत बसवून परत सोडलं. धर्मापुरीच्या वेशीवर त्रिंबक आडवा आला, तर मी बैल त्याच्या अंगावर हाकले.

काठ्या खाताना त्यानं हे एकदा सांगितलं असतं तर गावानं मला फोडलं असतं. काशीच्या जिवासाठी नेम मोडणारा माणूस स्वतःच्या हाडांसाठी मोडायला तयार नव्हता. त्यानं पाटलाला का सांगितलं नाही, यावर मी त्याच्याशी पुढं भांडलोही. "मग सखारामला परत आसूडच ना?" तो म्हणाला. बरोबर होतं की चूक, मला अजून कळत नाही. आणि माझं नाव कावून घेतलं न्हाईस, असं विचारलं तर म्हणाला, "काठी घालताना तू बी माझ्या पाठीमागूनच बोलत व्हतास की."

त्रिंबकच्या बायकोकडून, वहिनींकडून, मी तो खल मागून आणला. त्याची डावी कड झिजून गुळगुळीत झाली आहे. बोलायला त्रिंबकची पाठ आता नाही. म्हणून हा खल समोर ठेवून धर्मापुरीकरांच्या तोंडावर सांगतो, काशीला मी परत सोडलं.