‘बास’चं बटण

पत्त्यांच्या मशीनचं बटण बिघडलं, म्हणून मी रशीदला फोन लावला. चांगला झापणार होतो. कधीपासनं बोलावतोय, येत नाहीस म्हणजे काय? फोन भाबीनं उचलला. “अण्णा... वो सबेरेच गुजर गये.” मी तसाच उभा राहिलो, एक हात मशीनवर.

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. पण रशीदबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच लिहितोय.

स्टेशनाकडं माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. गोव्याच्या कॅसिनोतनं मोडीत काढलेली एकवीसची मशीनं मी आणली होती. पडद्यावर पानं यायची, बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की हरलात. माझ्याकडं पैसे लावायचे नाहीत, नुसता खेळ. दुरुस्तीला रशीद. बटणांवरच्या इंग्रजीवर त्यानं कागद चिकटवले, आणखी पान मागायच्या बटणावर ‘द्या’, थांबायच्या बटणावर ‘बास’. म्हणाला, “सोलापूरच्या माणसाला एवढं लई झालं.”

हरलं की ती मशीनं रडक्या सुरात वाजायची आणि सगळं दुकान वळून हसायचं. बंद पडलेल्या गिरणीतला एक म्हातारा एकदा असा हरला आन् मान खाली घालून निघून गेला. रशीदनं पेचकस काढला. मी ओरडलो, “अरे, तीच तर मजा हाय!”

“मजा बघणाऱ्याला हाय की अण्णा. हरलेल्याला म्हाईत असतंय. वाजवून कशाला सांगायचं?”

सगळ्या मशीनच्या त्या सुराच्या वायरी त्यानं काढल्या. मी बोलणं टाकलं. तो रोज यायचा, माझाच चहा प्यायचा आणि विचारायचा, “अण्णा, राग गार झाला, का अजून उकळतोय?” खंडेनवमीला झेंडूचे हारसुद्धा तोच घेऊन आला. “कापडाच्या मागाला हार घालताव, मग हिनं काय पाप केलंय? हीबी पोट भरतीया की.” तेव्हा मला हसू आलं आणि अबोला मोडला.

पुढं पोरं मोबाईलवर खेळायला लागली. मशीनं एकेक करून भंगारात गेली. प्रत्येक वेळी रशीद आतलं चांगलं सामान काढून उरलेल्यात बसवायचा... शेवटच्या मशीनमध्ये असं सगळ्यांचं थोडं थोडं आहे. ते आता जुळे सोलापुरात, पोराच्या फ्लॅटमध्ये. सून त्यावर धुतलेले कपडे ठेवते.

रशीद गेल्यावर एक हॉटेलवाला आला. त्याला हॉटेलात शोभेला हे मशीन पाहिजे होतं. खेळून बघितलं, म्हणाला, “काका, आवाज गेलाय. मी जोडून घेतो. हे कागदपण काढून टाकू.”

“आवाज गेला न्हाय. काढलाय.”

“मग काय, दोन मिनिटांचं काम आहे.”

“उठा,” म्हटलं. तो गेल्यावर माझा पोरगा चिडला. “दादा, दुरुस्त करणारा माणूसच राहिला नाही. हे किती दिवस ठेवणार?”

“मी हाय तोवर.”

काल घरात कुणी नव्हतं. कपडे उचलून खाटेवर ठेवले आणि खेळायला बसलो. अठरा झाले. ‘बास’ दाबलं. त्याच्या हातानं चिकटवलेला कागद, कडा मळलेल्या... बटणानं ऐकलं नाही, पान आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पान. एकवीसच्या पार वर गेलो. पडदा लाल झाला. मी वाट बघत बसलो.

मशीन वाजलं नाही.