गौरीपुढे नाचलेली चाळ

लग्नानंतर आठ महिने मी परळच्या चाळीत काढले आणि गौरीसाठी नवऱ्याबरोबर आगबोटीनं रत्नागिरीला आले. आमच्या गावी नव्या सुनेनं गौरीपुढे स्वतःचा एक नाच करायचा, अशी रीत. कुणी कांडण नाचे, कुणी पाखडण. मला वाटलं, तेच ते काय दाखवायचं? मी चाळ नाचले.

कमरेवर कळशी, कोपर पोटाशी, अशी नळाच्या रांगेत आडवी आडवी सरकले. मग वीतभर जागेत बसून भाकरी थापली. थापता थापता पाय आवर, कुणी ओलांडून गेलं. डोकं वाकव, शेजारीण तवा मागायला आली. भाकरी तेवढी हातातून पडू दिली नाही! बायका हसून हसून लोळल्या. मीही फुशारले होते, खोटं कशाला सांगू?

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, तेवढ्या हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी मुलाला बजावलं, "पोरीचे तिथं हाल चाललेत. बोटीत एकटाच चढ. ही माझ्याकडे राहील."

अगो बाई! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला मी. नवरा तर हवाच होता, पण मला तो नळ, ती भांडणं, ती गर्दीसुद्धा हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उखळापाशी मी सांगून टाकलं.

"हाल नाहीत हो, आत्याबाई. मला आवडतं तिथं."

"आवडतं?"

"खूप."

त्या माझ्या हातातलं मुसळ काढून घेत म्हणाल्या, "आता माझा नाच बघ गो."

आमच्याकडे भात दोघींनी कांडायचं; एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. त्यांनी एक घाव घातला आणि थांबल्या, समोरचीचा घाव पडायला लागतो तेवढाच वेळ. मग दुसरा घातला. पुन्हा थांबल्या. समोर कुणी नव्हतं. लेकी नांदायला गेल्यापासून त्या अशाच कांडत होत्या.

मला रडूच फुटलं. "राहते मी," म्हटलं.

"काही नको. तू बघितलंस, तेवढं पुरे. जा तू."

मी गेले. बंदरावर त्या शेवटपर्यंत उभ्या होत्या. आणि बोट सुटली तेव्हा मला आनंद झाला, ह्याची मला अजून लाज वाटते.