काढलेलं कुणाच्या हाती द्यायचं

वजनाचा आमच्या साडूंइतका द्वेष करणारा माणूस नाशिक जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईलसं मला वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडला त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिथे ते मातीतल्या शर्यतींसाठी मोटारगाड्या हलक्या करून देत. हा धंदा त्यांच्या अंगात असा मुरला होता की आमच्याकडे जेवायला आले तरी हिचं पितळी पातेलं उचलून बघत आणि कोणी वारल्यासारखी मान हलवत. खिशात किल्ली एकच, तीही बिनकडीची. एकदा माझ्या गाडीची डिकी उघडून त्यांनी आतली सतरंजी, पाण्याचे दोन कॅन आणि शिल्लक राहिलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पाहिला. ‘साडूभाऊ, ही डिकी आहे का माळा?’ त्यांनी इतक्या हळू विचारलं की पाटबंधारे खात्यात तीस वर्षं निर्विकारपणे काढलेला मी, पण खजील झालो.

गाडीच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या बंपरच्या आत, एक आडवा लोखंडी बीम असतो. कंपनीतूनच येतो. टक्कर झाली तर पहिला मार तो खातो. एरवी त्याचं अस्तित्वही कोणाला ठाऊक नसतं. शर्यतवाल्यांना मात्र तो नको असतो, कारण नेमका नाकावर बसून तो गाडीला जड करतो. साडू तो काढून त्या जागी पातळ नळी वाकवून बसवत. नळी तयार झाली की एका बोटावर तोलून दाखवत, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होई. त्यांच्या हातची नळी बसवून घ्यायला धुळ्यापासून पोरं येत.

पण काढलेला बीम ते गाडीवाल्याच्या हातात कधी देत नसत. त्यासाठी त्याच्या घरचं माणूस शेडवर यावं लागे. आई, बाप, बायको, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणारं जे कोणी असेल ते. त्या माणसाच्या दोन्ही हातांवर बीम ठेवून साडू सांगत, ‘हे तुमच्या माणसाच्या पुढ्यातनं काढलंय. सांभाळा. शर्यत झाली की घेऊन या, परत बसवून देतो. तोवर गाडी टेम्पोत घालून न्यायची, रस्त्यावर चालवायची नाही.’ एका आजीने तिथल्या तिथे बीमला हळदकुंकू लावलं. एका नव्या नवरीने तो हातात तोलून नवऱ्याला शांतपणे म्हटलं, ‘एक तर हे गाडीत राहील, नाहीतर मी घरात राहणार नाही.’ ते गिऱ्हाईक गेलं. एका पठ्ठ्याने आई म्हणून खाणावळीतल्या मावशींना उभं केलं. साडूंनी विचारलं, पोराला लहानपणी काय आवडायचं? मावशी प्रामाणिक होत्या. ‘लहानपणीचं मला काय माहीत बाबा, माझ्याकडं तर तो दिवाळीपासूनच जेवतोय.’ असली कितीतरी गिऱ्हाइकं साडूंनी आपल्या हाताने घालवली. दुसरे गॅरेजवाले हसत. मीही हसायचो.

मग एकदा ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला कारण सांगितलं. देवळाली कॅम्पातला एक मुलगा होता. साडूंनी त्याला नळी बसवून दिली आणि काढलेला बीम भंगारात घातला, कारण तेव्हा सगळेच तसं करत. आडगावकडची शर्यत संपवून पोरगा त्याच गाडीने घरी निघाला. वाटेतल्या द्वारका चौकात पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. पोरगा वाचला, पण एक पाय गुडघ्यापासून गेला. काही दिवसांनी त्याची आई शेडवर आली. तिने शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. ‘माझ्या पोराच्या गाडीतनं जे काढलं, ते मला दाखवा,’ एवढंच म्हणाली. दाखवायला काही नव्हतं. हे ऐकल्यावर त्या नियमाला हसणं मी बंद केलं.

खरी पंचाईत पुढेच होती. साडूंना स्वतःला आयुष्यात एकदा शर्यतीत उतरायचं होतं. दुसऱ्यांच्या गाड्या हलक्या करता करता त्यांनी स्वतःची एक जुनी गाडी तयार केली होती. तिचं सगळं झालं होतं, फक्त बीम राहिला होता, आणि नियमाप्रमाणे तो ताईंच्या हातात द्यायला हवा होता. ताई म्हणाल्या, ‘मी हात लावणार नाही.’ भांडण झालं नाही. दरवर्षी शर्यतीच्या आदल्या आठवड्यात साडू बीम काढून, धुतलेल्या चादरीत गुंडाळून घरी आणत आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर ठेवत. ताई त्याच्याभोवती केर काढत, पाहुण्यांना खुर्च्या देत. शर्यत होऊन गेली की सोमवारी साडू तो परत नेऊन बसवत. असं सात-आठ वर्षं चाललं. न राहवून मी म्हटलं, ‘माझ्या हातात द्या, मीही घरचाच आहे.’ साडूंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. ‘साडूभाऊ, तुम्हाला तर माझं सुतकही लागत नाही.’

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं अजून दिसत होतं, पण कडेचं पुसट होऊ लागलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. त्या वर्षीही बीम दिवाणावर आला. आम्ही दोघं तिथे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता ताई थांबल्या, हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेल्या, आणि चादरीसकट तो उचलून उभ्या राहिल्या. ‘जाऊन या,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी बघायला येणार.’ साडूंचा घास हातातच राहिला.

शर्यतीच्या मैदानात ताई बीम मांडीवर घेऊन बसल्या. तिथे एका वेळी एकच गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. ‘ताई, द्या, मी धरतो,’ मी म्हटलं. ‘नको. तो माझ्याकडे दिलाय,’ त्या म्हणाल्या. साडूंची गाडी धुळीत दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली, वळणावर एकदा घसरली, आणि आली. फलकावर त्यांचा नंबर सगळ्यात खाली होता. ताईंनी फलकाकडे पाहिलंच नाही. बीम घेऊन त्या सरळ गाडीपाशी गेल्या. साडूंनी तिथेच नळी उतरवली. ताईंनी बीम जागेवर धरला, पण कडेचं भोक साडूंना सापडेना. बोल्ट हातात धरून ते चाचपत राहिले. ताईंनी त्यांचं बोट धरून नेलं. ‘थोडं अलीकडं. हां, इथं.’

आता साडू गाडी चालवत नाहीत. इगतपुरीकडे नातेवाइकांकडे जायचं असलं की मीच चालवतो. साडू शेजारी बसून नुसत्या आवाजावरून मला गिअर सांगतात, ताई मागे असतात. घोटीच्या आसपास ते हमखास मागे वळतात. आपण शेवटचे आलो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी विचारतात, ‘काय गं, त्या दिवशी मी जोरात होतो का?’

‘फार जोरात,’ ताई म्हणतात. ‘मला तर बघवत नव्हतं.’

पूर्ण वेळ त्यांची पापणी लवली नव्हती, मी शेजारीच होतो. पण मी गाडी चालवत असतो, त्यामुळे मला काही बोलावं लागत नाही.