गयेला न घेतलेलं नाव

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडले नाही. तो आहे, आणि मुद्दाम माझं ऐकत नाही, असंच मला त्या चार वर्षांत वाटायचं. सकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, आज तरी आण त्याला. दिवेलागणीला पुन्हा तेच. पुढं पुढं तर मी देवाला टाकून बोलायला लागले. राहू गावात दिलेल्या माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, आल्या की कानावर हात ठेवायच्या. म्हणायच्या, "आगं, देवाला आसं बोलू न्हाई." मी म्हणायची, "त्याला काय झोंबतंय? पोरगं माझं गेलंय."

शिरूरला आमचं शिवणकामाचं दुकान. हे कापड बेतायचे, मशीन चालवायचे. काज-बटण मी घरी बसून करायची. आमचा थोरला दिगू बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी घरातून गेला. मिसरूड नुकतं फुटलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. बाजाराच्या दिवशी "दौंडला जाऊन येतो" म्हणाला आणि एसटीत बसला. दौंड स्टेशनातल्या एका ओळखीच्या हमालानं त्याला मनमाडकडच्या गाडीत चढताना पाहिलं, तेवढंच. का गेला, कुणाबरोबर गेला, आजही ठाऊक नाही. दुष्काळात सगळा मुलूख खडी फोडत होता तेव्हा मी रोज विचार करायची, हा कुठं असेल, ह्याला कोण खाऊ घालत असेल? आणि ताटावरून तशीच उठायची.

मग हे आजारी पडले, आमच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि वन्संनी एक दिवस मनातलं बोलून दाखवलं. "पोरगं गतीला लागलं न्हाई, म्हून ह्यो तरास हाय. गयेला जावा आन् त्याच्या नावानं पिंड टाकून या." पिंड टाकायचा म्हणजे तो मेला, हे आईबापानं आपल्या तोंडानं कबूल करायचं. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे खाली मान घालून सुईत दोरा ओवत होते. मी कडाडले, तेव्हा एवढंच म्हणाले, "मला काय हौस हाय व्हय? पर हे आसं लोंबकळत किती दिस ऱ्हायाचं?"

शिरूरकडची काही मंडळी काशी-गयेला निघाली होती, त्यांच्यासोबत आम्ही निघालो. मी कबूल झाले ते पिंडासाठी नाही. तो ज्या रुळांवरून गेला त्या रुळांवरून मला एकदा जायचं होतं. दौंडला गाडीत बसले ती खिडकीची जागा धरूनच. देश केवढा मोठा आहे हे लोक शाळेत शिकतात. मी ते पोर हरवल्यावर शिकले. मनमाड गेलं, भुसावळ गेलं, इटारसी गेलं, तरी स्टेशनं संपेनात. प्रत्येक फलाटावर माणसांचा नुसता पूर, आणि त्यात एकही तोंड ओळखीचं नाही. बोली बदलली, बायकांची लुगडी बदलली, मातीचा रंगसुद्धा बदलला. सोबतच्या बायका हरखून एकमेकींना डोंगर आणि नद्या दाखवत होत्या. मला मात्र एकेका मैलागणिक धीर सुटत चालला होता. एवढ्या मोठ्या देशात मी एक पोरगं कुठं धुंडाळणार होते? देवानं एवढा अफाट पसारा मांडला कशाला, असंही मनात आलं, अगदी रागानं.

कटनीला गाडी थांबली तेव्हा दुपार होती. हे वरच्या फळीवर झोपले होते. आणि खिडकीतून मला ती पाठ दिसली. निळ्या रेघांचा शर्ट, आणि त्याला दोन्ही खांद्यांखाली एकेक चुणी. कुणी म्हणेल, त्यात काय विशेष? पण दिगूची पाठ रुंद, त्याला नेहमीचा शर्ट पाठीत दाटायचा, म्हणून ह्यांनी मधली चुणी काढून त्या दोन बाजूंना घातल्या होत्या. तसा शर्ट ह्यांनी दुसऱ्या कुणाला शिवला नव्हता. मी कुणाला हाक मारली नाही, पायात चपला घातल्या नाहीत, धावतच खाली उतरले. "दिगू! आरं दिगू, थांब!" गर्दीतून घुसत जाऊन बाही धरली. तो वळला. देवीचे व्रण असलेला, घाऱ्या डोळ्यांचा कुणी दुसराच मुलगा. तरी मी त्याच्या बटणाला हात घातला आणि काज बघितलं. मशीनचं होतं. माझ्या हातचं नव्हतं. बाजारात मिळणारा तयार शर्ट होता तो, आणि तशा चुण्या साऱ्या जगात घालत असतील, हे मला शिंप्याच्या बायकोला तिथं कळलं. पोरगं बिचारं घाबरून बाही सोडवून गेलं. मी मागं वळले तर आमची गाडी फलाट सोडून चालली होती.

कपाळ माझं! ना तिकीट जवळ, ना भाषा येत, ना पुढच्या गावाचं नाव धड ठाऊक. पण खरं सांगू, मला गाडी गेल्याचं काहीच वाटलं नाही. ती बाही हातातून सुटली तेव्हाच माझ्यातलं सगळं त्राण गेलं होतं. मी खांबाला टेकून खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. देवाला म्हणाले, चेष्टा पुरे झाली, आता मलाच ने.

पेरूची टोपली घेऊन एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्याच वयाची असेल. तिनं आधी जाऊन स्टेशन मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी माझ्या तोंडून गया, शिरूर, दौंड असले चार शब्द काढून घेतले आणि पुढच्या स्टेशनाला फोन केला. ते गेल्यावर तिनं पाणी आणून माझे हात धुतले, लहान पोराचे धुवावेत तसे. आपल्या फडक्यातली जाड भाकर काढली, वर मीठमिरची ठेवली. म्हणाली, "पहले खा लो, बहिन." मी भाकर हातात धरून तशीच बसले. मग तिनंच मोडून मला भरवलं. मी का रडते हे तिनं विचारलं नाही. दोन गाड्या आल्या आणि गेल्या, बाकीचे विकणारे खिडक्यांशी ओरडत धावले, पण ही बाई टोपली उचलून उठली नाही.

तिसरा की चौथा घास असेल. एकाएकी मनात आलं, माझा दिगू उतरला असेल तिथंही अशी कुणी असेल. नसेल कशावरून? चार वर्षं मी ज्याची काळजी केली त्याला ह्याच मुलखातल्या कुणा बाईनं असंच बसवून खाऊ घातलं असेल. हा विचार माझा नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त मरणाचे विचार होते. तो कुठून आला हे मी सांगू शकत नाही. पण त्यानं मला बरं वाटलं, असं कुणी समजू नये. मी उलट जास्तच रडले. त्याला माझ्याशिवाय आहे कोण, या एका जोरावर मी तग धरून होते, आणि त्या भाकरीनं माझा तो जोरच काढून घेतला.

दिवस कलता कलता हे उलट्या गाडीनं आले. चेहरा पांढराफटक. आले ते ओरडतच, "आगं, कुठं उतरलीस तू? जीव घेतीस का माझा?"

मी म्हटलं, "दिगूचा शर्ट दिसला."

ह्यांनी हळूच विचारलं, "चुण्या?"

"व्हय. दोन्ही खांद्यांखाली."

"आन् काज?"

"मशीनची."

हे माझ्याशेजारी खाली बसले. फलाटाकडं बघत म्हणाले, "दौंड सोडल्यापासनं मी बी मान्सांच्या पाठीच बघतोय. नजर दमली म्हून वर जाऊन पडलो व्हतो." त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, हा माणूस पोराला विसरला. मी ह्यांना त्या बाईचं सगळं सांगितलं. ह्यांनी उठून तिला हात जोडले. तिनं माझ्या ओटीत पेरू घातले आणि पुढची गाडी आली तशी टोपली घेऊन निघून गेली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट आजही लागते.

गयेला आमची मंडळी भेटली. अक्षयवटाखाली ह्यांनी आईवडलांचे पिंड टाकले, आजोबा-पणजोबांचे टाकले. एक उरला. गुरुजींनी मोडक्या मराठीत विचारलं, "ह्याचं नाव?" ह्यांनी हातात पिंड धरून माझ्याकडं पाहिलं. तुझ्या मनात असेल तसं, असं डोळ्यांनीच म्हणाले. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तो जिवंत आहे असं छातीठोकपणे सांगायला माझ्याकडं काय होतं? मी म्हटलं, "तुमच्या जिवाला पटंल ते करा." हे गुरुजींना म्हणाले, "ज्यांच्या मागं कुणी न्हाई, त्यांच्यासाठी." आणि नाव न घेता तो पिंड ठेवला.

तिथं एक रीत आहे. आपल्या आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची. आमच्यातल्या एका बाईनं कारलं सोडलं, जे तिनं उभ्या जन्मात तोंडात घातलं नव्हतं, आणि त्या रडारडीतही मला हसू आलं. गुरुजींनी मला विचारलं तेव्हा मी सीताफळ म्हणाले. मनात मात्र दुसरंच सोडलं. "त्याला माघारी आण" हे देवापाशी मागणं मी तिथं सोडलं. वन्संनी घरी आल्याआल्या विचारलं, "केलंत का पोराचं?" हे म्हणाले, "ठिवलाय एक पिंड, आक्का. ज्याचा आसंल त्याला पोचंल."

दिगू आला नाही. मुलीचं लग्न झालं, ह्यांची तब्येत सुधारली, पण ती चूल, तो उंबरा, सगळं तसंच रितं आहे. कधीकधी दार वाजलं की अजूनही मी उठते, मग स्वतःवरच चिडते. सोडलेलं फळ सोडून राहता येतं, सोडलेलं मागणं जिभेवर येत राहतं, आणि रोज नव्यानं सोडावं लागतं. एवढा थोरला देश फिरून मला कळलं ते इतकंच, की पोर माझ्या पदरात नव्हतं तेव्हाही ते कुणाच्या तरी पदरात होतं. त्या बाईचे उपकार मला कुठल्या जन्मी फिटणार? दिवेलागणीला मी उभी राहते आणि हात जोडून म्हणते, देवा, तो कुठं आहे ते मला नाही सांगितलंस तरी चालेल. त्याला उपाशी ठेवू नकोस.