यंदा बसतंय का बघा

खुर्चीवर बसण्याआधी ते खिशातल्या फडक्याने हात पुसायचे. हात धुतलेलेच असायचे. नखांच्या कडेचं काळं तेवढं उरलेलं, आणि ते काही फडक्याने जाणारं नव्हतं. मग पावत्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "यंदा बसतंय का बघा, ताई."

अमेरिकेत, आयसेलिनमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. ते जवळच्या एका गॅरेजमध्ये पगारी मेकॅनिक होते. इथे गॅरेज मालकाचं असलं तरी पाने-पकडी मेकॅनिकने आपल्या आणायच्या असतात, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. मलाही त्यांच्यामुळेच कळलं. एकदा गाडी दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी आपली पेटी उघडून दाखवली. चाकांची, लाल, छातीइतकी उंच. एकेक खण इतक्या हळुवारपणे ओढत होते की मीसुद्धा हळू बोलायला लागले.

पूर्वी अशा खर्चाची थोडीफार वजावट मिळायची. मग कायदा बदलला आणि नोकरदारांची वजावट बंद झाली. स्वतःचा धंदा असेल त्याला मात्र मिळते. पहिल्यांदा हे सांगितलं, तेव्हा ते पिशवीकडे बघत राहिले.

"टूल्स तर माझीच आहेत ना?"

"हो काका, पण तुम्ही एम्प्लॉयी आहात."

"बरं. पुढच्या वर्षी बघू."

हा बदल काही वर्षांपुरताच आहे असं तेव्हा सगळे म्हणत होते, त्यामुळे दर वर्षी पिशवी यायचीच. भर सीझनमध्ये बाहेर माणसं खोळंबलेली आणि हे मला नवा टॉर्क रेंच कसा चालतो ते समजावताहेत. मी चिडायचे.

काकू बरोबर असायच्या. त्यांना कॅन्सर होता. बरा व्हायचा आणि परत यायचा. तोंड मात्र कधी थांबलं नाही. "पेटीला रोज पुसतात गं. मला विचारतात का, कशी आहेस म्हणून?" असं म्हणायच्या आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करायच्या.

एकदा मीच म्हटलं, "काका, स्वतःचं गॅरेज काढा. मग सगळं बसेल."

"जागा बघून ठेवलीय," ते म्हणाले. "पण जॉब सोडला की इन्शुरन्स जातो, ताई. हिची ट्रीटमेंट त्याच्यावर चाललीय."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या दिवशी जाईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे त्या पिशवीवरून मी कधी चिडले नाही.

काकू पानगळीच्या दिवसांत गेल्या. मार्चमध्ये ते एकटे आले. हात पुसले, बसले. पिशवी नव्हती.

"यंदा काही घेतलं नाही."

"आणि गॅरेजचं, काका?" आता इन्शुरन्ससाठी अडून राहायची गरज नव्हती, हे मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"पेटी विकायला काढलीय," ते म्हणाले. मी आकडे भरत होते.

"एक विचारू? फॉर्मवर हिचं नाव... यंदा बसतंय का?"

कायदा बदलल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांना हो म्हणता आलं. "बसतं, काका. माणूस ज्या वर्षी जातं, त्या वर्षाचा रिटर्न दोघांच्या नावाने भरता येतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी नाही."

त्यांनी पुन्हा हात पुसले आणि सही केली.

यंदा ते आले नाहीत. परवा गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर पेटीच्या जागी जमिनीचा एक उजळ चौकोन तेवढा होता. नोकरी सोडून सांगलीला भावाकडे गेले, असं तिथल्या माणसाने सांगितलं. वजावट बंद करणारा तो नियमही आता कायमचा झाला आहे, पण हे त्यांना सांगून काय करायचं?

गेल्या वर्षीच्या पगाराचा रिटर्न मात्र त्यांना भरावाच लागेल, आणि या वेळी त्यावर एकट्याचं नाव घालायचं आहे. फोनवर आठवण करून द्यायला हवी. रोज नंबर काढते आणि फोन तसाच खाली ठेवते.